काकाजींची पेटी आणि गिलमोरचा बेंड

रॉकमधला आवडता गिटार सोलो, म्हणजे गिटार एकटीच पुढे येऊन वाजते तो तुकडा, कोणता, असं कोणी विचारलं की मी आधी एक पाहतो: तो तोंडाने म्हणता येतो का? पाठीवर फवाऱ्याचा पंप घेऊन कपाशीच्या तासातून चालताना जो आपोआप ओठांवर येतो, तो माझा. बाकीचे ऐकताना तोंडात बोटं जातात, पण घरी येईस्तोवर डोक्यात काही उरत नाही. एडी व्हॅन हेलनचा १९७८ सालचा 'इरप्शन' घ्या. पावणेदोन मिनिटांत त्या माणसाने जगभरच्या गिटारवाल्यांची झोप उडवली, याबद्दल वादच नाही. पण डवरणी करताना 'इरप्शन' गुणगुणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

ही कसोटी मला आमच्या भजन मंडळात पेटी वाजवणाऱ्या काकाजींनी दिली. माझी गिटार येईस्तोवर त्यांनी रॉकमधलं एकही गाणं ऐकलेलं नव्हतं.

आमचं गाव तिवसा तालुक्यातलं. गुरुकुंज मोझरी जवळ असल्यामुळे आमच्याकडे गाणं म्हणजे तुकडोजी महाराजांचं भजन, आणि वाद्य म्हणजे आधी खंजिरी, मग बाकी सगळं. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, त्यानंतर मंडळी थोडा वेळ बसतात. माझी गिटार या बैठकीत शिरली ती नाइलाजाने. आतेभाऊ नागपूरला इंजिनिअरिंगला होता, पहिल्या वर्षी हौसेने त्याने इलेक्ट्रिक गिटार घेतली, शेवटच्या वर्षापर्यंत ती पलंगाखाली गेली आणि नोकरी लागल्यावर माझ्या घरी आली. गिटार आली, पण ॲम्प्लिफायर काही आला नाही. तारा गंजलेल्या. अमरावतीहून नऊच्या गेजचा, म्हणजे सगळ्यात बारीक तार इंचाच्या नऊ हजारांश जाडीची असलेला सेट आणला. सोलोसाठी बारीक तारा बऱ्या, ओढायला हलक्या पडतात.

शिकवणारं कोणी नव्हतं. मोबाइलला रेंज गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशीच मिळायची. तिथे बसून व्हिडिओचा वेग पाऊणपट करायचा आणि एकेक तुकडा उचलायचा. मेमध्ये टिनाच्या खोलीत गिटार सुरात लावून जेवायला गेलं की परत येईपर्यंत सगळ्या तारा उतरलेल्या असत. तापल्यावर पोलाद लांबतं आणि सूर खाली येतो, हे विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेलं होतं, आता कानाने कळलं.

बिनॲम्पची इलेक्ट्रिक गिटार फक्त वाजवणाऱ्यालाच ऐकू येते. म्हणून मंडळाच्या ॲम्प्लिफायरवर डोळा होता. काकाजींना विचारलं. ते म्हणाले, "प्रार्थना झाल्यावर लाव बापा. पन भोंग्यावर नोको, गाव उठून बसन."

माइकच्या भोकात वायर लावली. पहिल्यांदा आला तो घुंऽऽ असा आवाज. अर्थिंग धड नसलं की इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारे भाग, विजेची गुणगुण पकडतात. मी वायर हलवत होतो, आणि काकाजी पेटीवर एकेक पट्टी दाबून तो घुंकार शोधत होते. पांढरी पाचवर, म्हणजे पाचव्या पांढऱ्या पट्टीवर थांबले. "पांढरी पाच. जराशी चढी हाय."

बरोबर होतं ते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, आणि पांढरी पाचचा तळातला स्वर ४९ च्या आसपास येतो. मला हसू आलं, कारण मी जो पहिला रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा छोटा तुकडा, वाजवणार होतो, तो डीप पर्पल या बँडचा 'स्मोक ऑन द वॉटर', त्याचा षड्ज नेमका पांढरी पाच. काकाजी म्हणाले, "तुह्या गिटारले तानपुरा फुकटात भेटला."

हा रिफ जगात गिटार हातात घेणारा प्रत्येक जण आधी वाजवतो, आणि बहुतेक जण एका जाड तारेवर नखीने वाजवतात. गच्चीवर मला सापडलेलं पहिलं टॅबही, म्हणजे कोणत्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते लिहिलेलं, तसंच होतं. पण डीप पर्पलचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर तो मधल्या दोन तारांवर, दोन स्वर एकत्र, बोटांनी छेडून वाजवतो. दोन्ही स्वर एकाच क्षणी सुटतात, म्हणून त्याला ती भरीव धार येते. नखी वरून खाली जाते तेव्हा एक तार आधी लागते, दुसरी नंतर. फरक केसाएवढा असतो, पण कानाला कळतो.

काकाजींनी दोनदा ऐकलं आणि भजनाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून टाकलं: सा, कोमल ग, म. सा, कोमल ग, तीव्र म, म. सा, कोमल ग, म, कोमल ग, सा. एवढंच. १९७२ साली 'मशीन हेड' या अल्बमवर आलेली आणि पन्नास वर्षं झाली तरी न थकलेली गोष्ट वहीच्या दीड ओळीत बसली. त्या तीव्र मध्यमावर त्यांनी पेन ठेवून म्हटलं, "हा पाहुना हाय. याच्याच्यानं मजा येते."

गाण्यामागची हकिकत मी त्यांना सांगितली. ४ डिसेंबर १९७१ ला स्वित्झर्लंडमधल्या माँत्रूच्या कॅसिनोत फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू होता. प्रेक्षकांतल्या कोणीतरी छताकडे फ्लेअर गन झाडली, इमारत पेटली आणि धूर जिनिव्हा सरोवरावर पसरला. डीप पर्पलवाले तिथे रेकॉर्डिंगसाठी आलेले होते, त्यांनी ते पाहिलं आणि गाणं केलं. काकाजींनी विचारलं ते इतकंच: "मानसं वाचले नं?" वाचले, म्हटलं. "मंग वाजव."

स्वर बसले, पण रिफ बसेना. खरी अडचण खंजिरीवाल्याने दाखवली. तो माझ्या बरोबरीचा पोट्टा, शिक्षण बारावी, हात सोन्याचा. त्याने साधा ठेका धरला आणि म्हणाला, "तू दुसऱ्या वेळचा सा टाळीवर टाकून राह्यला बे. तो टाळीच्या मंधात हाय." रेकॉर्डवर पाहिलं तर तसंच. पहिले तीन स्वर ठोक्यावर सरळ चालतात, मग पुढचा सा ठोक्याच्या आधी अर्ध्या मात्रेवर पडतो, आणि तिथून सगळं ओढलं जातं. शिवाय मी तारा वाजत सोडून देत होतो. खंजिरीवर थाप मारली की कातड्यावर हात ठेवून ती लगेच दाबतात, तसं मला डाव्या हाताचा दाब सैल करून प्रत्येक स्वर मारावा लागला. स्वर कधी सुरू होतो याइतकंच तो कधी मरतो याला रिफमध्ये महत्त्व आहे. हे कोणत्याच व्हिडिओत मला नीट कळलं नव्हतं, खंजिरीवाल्याने एका बैठकीत दाखवलं.

आवाजाचीही गंमत झाली. मंडळाच्या दोन बॉक्सपैकी एकाचा कागदी कोन फाटलेला होता, भजनाला तो चरचरायचा म्हणून कोपऱ्यात पडून होता. त्यावर गिटार लावली तर तो गुरगुरला. जो आवाज काढायला लोक पायाने दाबायचं पेडल विकत घेतात, तो फाटक्या कागदातून निघत होता. नंतर कळलं की ही वाट जुनीच आहे. १९६४ मध्ये किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसने 'यू रिअली गॉट मी'साठी आपल्या छोट्या ॲम्पच्या स्पीकरला मुद्दाम ब्लेडने चिरा पाडल्या होत्या. पुढच्याच वर्षी रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने 'सॅटिस्फॅक्शन'चा रिफ फझ पेडलवर वाजवला आणि मग सगळं जग पेडलच्या दुकानात गेलं. आमचं मंडळ मात्र अजून १९६४ मध्येच आहे, आणि मला ते मान्य आहे.

रिफनंतर सोलो. इथे काकाजींचा मोठा उपयोग झाला, कारण रॉकचे निम्मे सोलो ज्या पाच स्वरांवर उभे आहेत ते त्यांना आधीच येत होते. गिटारवाले त्याला मायनर पेंटाटॉनिक म्हणतात: सा, कोमल ग, म, प, कोमल नि. मी वाजवून दाखवल्यावर काकाजी म्हणाले, "हा तं धानी होय." आणि डोळे मिटून धानी रागातली एक चीज गायला लागले. रागाची चाल वेगळी, स्वर लावायची रीत वेगळी, हे खरंच. पण स्वर तेच. लेड झेपलिनच्या 'स्टेअरवे टू हेवन'चा शेवटचा सोलो (१९७१, जिमी पेज) ऐकवला, तेव्हा ते सुरुवातीपासूनच मान डोलावत होते. मधेच म्हणाले, "इथं कोमल ध लावला त्यानं. काहून लावला?" कारण मागे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट, बदलली होती. पेजने त्या कॉर्डचाच स्वर उचलून सोलोत घेतला होता. पेटीवर मागची कॉर्ड धरून दाखवली तेव्हा त्यांनी हातानेच 'समजलं' अशी खूण केली.

कसोटी जन्मली ती याच सुमारास. मी एक भारी वेगवान तुकडा बसवून त्यांना दाखवायला गेलो. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "आता गिटार ठेव अन् तोंडानं म्हन." मला येईना. "मंग बोटाले तरी कुठून आलं असन?"

तेव्हापासून मी आधी गातो. सोलोचा एकेक तुकडा गुणगुणता येईपर्यंत गिटारला हात लावायचा नाही. यात वेळ जातो, पण बोटं भरकटत नाहीत.

यातला सगळ्यात अवघड, आणि माझ्या मते रॉकमधला सगळ्यात सुंदर, म्हणजे पिंक फ्लॉइडच्या 'कम्फर्टेबली नम'चा दुसरा सोलो. अल्बम 'द वॉल', १९७९, गिटार डेव्हिड गिलमोर. वेग म्हणाल तर फारसा नाही. कोणताही बरा गिटारवाला त्यातले स्वर आठवड्याभरात पाठ करेल. पण गिलमोर स्वरावर नुसता बोट ठेवत नाही, खालच्या स्वरावरून तार ओढत तिथे पोचतो. सगळा जीव त्या ओढण्यात आहे.

काकाजींनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पेटीचा भाता बंद केला आणि गप्प बसले. मग म्हणाले, "हे पेटीवर होत नाही. मींड हाय ही." पेटीच्या पट्ट्या म्हणजे पायऱ्या, मधली जागा तिथे नाहीच. चाळीस-एक वर्षं पेटी वाजवलेल्या माणसाने हे म्हणताना त्यांच्या आवाजात थोडा हेवा होता, असं मला वाटलं. सतारीवर तार बाजूला ओढून मींड काढतात, गिटारवर बेंड तसाच निघतो.

सराव आम्ही असा केला. सोलो आहे बी मायनरमध्ये, म्हणजे पांढरी सातवर सा. तिसऱ्या तारेवर नवव्या पडद्यावर मध्यम येतो. तोच मध्यम ओढून पंचमावर न्यायचा. काकाजी पेटीवर नुसता पंचम धरून ठेवायचे. मी मध्यम छेडायचो आणि तार वर ढकलत जायचो. सूर जवळ येऊ लागला की दोन स्वरांमध्ये एक थरथर ऐकू येते, आधी जलद, मग संथ, आणि दोन्ही सूर एक झाले की थांबते. ती थांबेपर्यंत ओढायचं आणि तिथेच धरायचं. पुढे गेलो तर थरथर पुन्हा सुरू. काकाजी नुसते मान हलवायचे, उभी किंवा आडवी.

एकट्या अनामिकेने तार वर जात नाही. मागे मधलं बोट आणि तर्जनी लावावी लागते, अंगठा गिटारच्या मानेवरून वर काढायचा, आणि जोर बोटांतून न लावता मनगट फिरवायचं, दाराची कडी फिरवतो तसं. कापसाच्या वेचणीत हा सराव म्हणजे शिक्षा. वाळलेल्या बोंडांची टोकं नखांच्या कडेला टोचून टोचून बोटं आधीच सोललेली, त्यात पोलादी तार. घरी आई तेल-हळद लावताना म्हणायची, "कापूस तं पोटासाठी येचते मानूस. हे कायच्यासाठी?"

अजून एक गोष्ट काकाजींच्या कानाने पकडली. गिलमोर स्वर हलवतो, म्हणजे व्हायब्रॅटो देतो, पण कधी? "पोचल्यावर हालवते. पोचाच्या आंधी नाही." मी नेमका वाटेतच हलवत होतो, त्यामुळे स्वर पोचला की नाही हे मलाच कळत नव्हतं. आता मी एखाद्या नवख्या गिटारवाल्याचा सोलो ऐकतो तेव्हा आधी हेच पाहतो. गिलमोरनेसुद्धा हा सोलो एका दमात वाजवलेला नाही. त्याने पाच-सहा वेळा वेगवेगळा वाजवून रेकॉर्ड केला आणि त्यातले चांगले तुकडे निवडून जोडले, असं त्याने स्वतः सांगितलंय. हे कळल्यावर मला बरं वाटलं. काकाजींना मात्र पटलं नाही. "बैठकीत असं चालत नाही," म्हणाले.

ब्लॅक सबाथ हा बँड काकाजींचा प्रांत नाही, तो माझ्या चुलतभावाचा. सोयाबीनच्या थ्रेशरमध्ये त्याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, तेव्हापासून तो माझ्या गिटारकडे पाहायचा पण हात लावायचा नाही. त्याला मी ब्लॅक सबाथचा गिटारवाला टोनी आयोमी याचं सांगितलं. बर्मिंगहॅमचा पोट्टा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला, वय सतरा. मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे पडदे दाबायचा हात तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यावर चामडं चिकटवलं आणि बँजोच्या बारीक तारा गिटारवर लावल्या. पुढे तारांचा ताण कमी करायला सूरही उतरवले. हेवी मेटलचा तो जड, खोल आवाज बराचसा तिथून आला. १९७० चा 'आयर्न मॅन'चा रिफ हा सगळा पॉवर कॉर्डचा, म्हणजे षड्ज-पंचम अशा दोनच स्वरांच्या कॉर्डचा खेळ आहे आणि साध्या पॉवर कॉर्डला दोन बोटं पुरतात. चुलतभावाने टोपी वगैरे केली नाही. तर्जनी आणि करंगळी वापरली. आता हरभऱ्याच्या ओलिताला रात्रीची थ्री-फेज येते तेव्हा आम्ही दहा वॉटचा छोटा ॲम्प मोटारीच्या खोलीत नेतो आणि तो 'आयर्न मॅन' वाजवतो. जागलीला गेल्यावर रानडुकरं या रिफला बिचकतात, असा त्याचा दावा आहे. रोही, म्हणजे नीलगायी, बिचकत नाहीत, हे मी स्वतः पाहिलंय.

'हॉटेल कॅलिफोर्निया'बद्दल जास्त काय सांगू, ज्याने एकदा गिटार पाहिली त्याला तो ठाऊक असतो. १९७६ चा ईगल्सचा अल्बम, शेवटी डॉन फेल्डर आणि जो वॉल्श आलटून-पालटून वाजवतात आणि मग दोन्ही गिटार एकत्र खाली उतरत जातात. सुरुवातीचा तुकडा सातव्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चिमटा, लावून. हेही पांढरी सातवरच. काकाजींना यात आवडली ती कॉर्डची चाल: दोन्ही धैवत येतात, दोन्ही निषाद येतात, आणि तरी कान बिचकत नाही. शेवटच्या दुहेरी तुकड्याला मला दुसरी गिटार लागणार होती. ती गावात कुठून येणार? काकाजी म्हणाले, "मी हावो नं." त्या भागात बेंड नाहीतच म्हणा, कॉर्डचे स्वर एकामागे एक सोडत जायचे, पेटीला सोपं. खालचा आवाज मी, वरचा त्यांनी. पेटीचा आवाज गिटारपेक्षा लांबतो, म्हणून त्यांनी भाता अगदी हलका ठेवला आणि पट्ट्या तुटक दाबल्या.

कोजागिरीला देवळाच्या ओट्यावर दूध आटत असताना आम्ही तो वाजवला. खंजिरी होतीच. पोरांनी मोबाइल काढले. मंडळातल्या एका म्हाताऱ्या काकूंनी संपल्यावर विचारलं, "हे महाराजांचं कोनतं भजन होय?" काकाजींनी सांगून टाकलं, "महाराजांचं नाही, अमेरिकेचं होय." काकू म्हणाल्या, "बरं हाय. पन लांबलं."

सध्या मी डायर स्ट्रेट्सच्या 'सुलतान्स ऑफ स्विंग'वर आहे. १९७८, मार्क नॉफ्लर, नखी नाही, सगळं उजव्या हाताच्या बोटांनी. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. शेवटचा जलद तुकडा मला अर्ध्या वेगातच जमतो. हा कसोटीला उतरतो का, असं मी काकाजींना विचारलं, कारण इतक्या वेगात तो माझ्याच्याने तोंडाने म्हणवत नाही. त्यांनी तो पुन्हा पुन्हा लावायला सांगितला, मांडीवर बोटांनी मात्रा मोजल्या, आणि मग आकारात सगळा तुकडा म्हणून दाखवला, स्वर थोडेफार इकडेतिकडे, पण एका श्वासात.

"तान होय ही," म्हणाले. "म्हनता येते. तुहा दम कमी पडते. उद्यापासून पहाटे ये."

पहाटे म्हणजे साडेचार. गिटार आणू नको, असंही सांगितलंय.